रेघ न सोडणारी गाडी

पांढऱ्या ड्रॉइंग पेपरवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून एक वळणावळणाचा रस्ता करायचा. त्यावर वीतभर लांबीची एक गाडी ठेवायची. मागे दोन चाकं, पुढे सगळीकडे फिरणारं एक छोटं कॅस्टर, वर उघड्या तारा आणि एक निळा सर्किट बोर्ड. बटण दाबलं की गाडी रेघेवरून निघते. वळण आलं की वळते, टोकाला आडवी पट्टी आली की थांबते. रिमोट कुणाच्याच हातात नसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, आत काहीतरी फार हुशार बसलेलं असणार.

आत एकच काम चाललेलं असतं: बघ, ठरव, कर. आणि पुन्हा बघ. ही फेरी सेकंदाला हजारो वेळा होते आणि त्या फेऱ्यांच्या वेगालाच आपण हुशारी समजतो. या गाडीला 'लाइन फॉलोअर' म्हणतात. शाळेतल्या रोबोटिक्सच्या वर्गात आणि इंजिनिअरिंग कॉलेजात बहुतेकांचा पहिला रोबो हाच असतो. ही एक गाडी नीट समजली, तर पुढचे बरेच रोबो समजायला सोपे जातात. म्हणून आज तिचा एकेक भाग सुटा करून पाहू.

अठ्ठावीस पायांचा मेंदू

निळ्या बोर्डाच्या मधोमध एक लांबट काळी चिप दिसते. तिला दोन्ही बाजूंनी मिळून २८ पाय असतात. हा मायक्रोकंट्रोलर. आपण ज्या बोर्डाबद्दल बोलतोय तो आर्डुइनो उनो, २०१० साली आलेला, आणि त्यावरच्या चिपचं नाव एटीमेगा३२८पी.

संगणकातल्या प्रोसेसरला एकट्याने काही करता येत नाही. त्याला वेगळी रॅम लागते, वेगळी डिस्क लागते, बाहेरच्या जगाशी बोलायला आणखी चिपा लागतात. मायक्रोकंट्रोलरमध्ये हा सगळा संसार एकाच चिपमध्ये असतो: हिशेब करणारा भाग, प्रोग्राम साठवायची जागा, काम करताना लागणारी तात्पुरती स्मृती आणि बाहेरच्या तारा जोडायला पिना. वॉशिंग मशीन, इंडक्शन शेगडी, टीव्हीचा रिमोट यांच्या आतही असाच कुणीतरी बसलेला असतो.

या चिपची ऐपत आकड्यांत बघण्यासारखी आहे. प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट जागा, तात्पुरत्या कामासाठी फक्त २ किलोबाइट. मराठी मजकूर संगणकात साठवताना प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेलासुद्धा, साधारण तीन बाइट लागतात. म्हणजे या चिपच्या स्मृतीत मराठीची जेमतेम ६८० अक्षरचिन्हं मावतील. एखादा छोटा परिच्छेद, बस्स. तिच्या घड्याळाचे ठोके मात्र सेकंदाला १ कोटी ६० लाख पडतात.

एवढं तुटपुंजं सामान पुरतं, कारण काम एकच असतं. या चिपवर विंडोज किंवा अँड्रॉइडसारखी कुठलीही व्यवस्था चालत नाही. वीज आली की क्षणभरात तुमचा प्रोग्राम सुरू होतो आणि वीज जाईपर्यंत तोच चालतो.

बाहेरच्या जगाशी चिपचा संबंध पिनांमधून येतो. उनोवर १४ डिजिटल पिना असतात. त्यांना फक्त 'आहे' आणि 'नाही' एवढंच कळतं, म्हणजे ५ व्होल्ट किंवा शून्य. शिवाय ६ अ‍ॅनालॉग पिना असतात. त्या शून्य ते ५ व्होल्टमधला कोणताही दाब मोजून ० ते १०२३ मधला आकडा सांगतात. पाहणं आणि करणं, दोन्ही या पिनांमधूनच होतं.

इव्रेआ ते बुधवार पेठ

मायक्रोकंट्रोलर काही नवे नाहीत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस१००० ही चिप १९७०च्या दशकातली, आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासलेली इंटेलची ८०५१ ही १९८०ची. पण त्यात प्रोग्राम भरायला वेगळं यंत्र लागायचं, भाषा किचकट असायची, आणि इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या माणसाला दारही सापडायचं नाही.

ते दार उघडलं इटलीतल्या इव्रेआ या गावी. तिथल्या इंटरॅक्शन डिझाइन संस्थेत चित्रकला आणि डिझाइन शिकणाऱ्या मुलांना दिवे, मोटारी, सेन्सर वापरून वस्तू करायच्या होत्या. त्यांना परवडेल असा आर्डुइनो बोर्ड २००५ साली मासिमो बान्झी, डेव्हिड क्वार्तिएस, टॉम आयगो, जानलुका मार्तिनो आणि डेव्हिड मेलिस यांनी तयार केला. त्याच संस्थेतला कोलंबियाचा विद्यार्थी हर्नांडो बारागान याने आधी केलेला 'वायरिंग' हा प्रकल्प त्याचा पाया होता. नाव घेतलं गावातल्या एका बारचं, आणि त्या बारला नाव होतं हजार वर्षांपूर्वीच्या आर्डुइन या राजाचं.

त्यांनी बोर्डाचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही तो बघावा, करावा, विकावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आज मूळ बोर्डाच्या काही अंशी किमतीत त्याच्या नकला मिळतात, त्या या खुलेपणामुळेच. या नकला बऱ्याचदा चांगल्या चालतात. फक्त संगणकाशी बोलण्यासाठी त्यांत अनेकदा सीएच३४० नावाची वेगळी चिप असते, आणि तिचा ड्रायव्हर संगणकात टाकावा लागतो. 'बोर्ड दिसतच नाही' ही नवशिक्याची पहिली तक्रार पुष्कळदा एवढ्याचसाठी असते.

बघ: न दिसणाऱ्या उजेडाचा डोळा

गाडीच्या पोटाखाली, जमिनीला जवळजवळ टेकलेले दोन सेन्सर असतात. प्रत्येकात दोन मणी शेजारी शेजारी. एक मणी इन्फ्रारेड उजेड सोडतो, जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. दुसरा परत आलेला उजेड टिपतो. पांढरा कागद हा उजेड परत फेकतो, काळी टेप तो गिळून टाकते. उजेड परत आला म्हणजे कागद, आला नाही म्हणजे रेघ.

सेन्सरच्या छोट्या बोर्डावर आणखी एक चिप असते, बहुधा एलएम३९३. ती आलेल्या उजेडाची एका ठरावीक पातळीशी तुलना करते आणि पिनेवर 'आहे' किंवा 'नाही' एवढाच निकाल देते. ही पातळी कुठे ठेवायची ते तिथलाच निळा प्रीसेट बारीक स्क्रू ड्रायव्हरने फिरवून ठरवायचं. सेन्सर काळ्यावर आणि पांढऱ्यावर आळीपाळीने धरून, दोन्हीकडे सेन्सरच्या बोर्डावरचा दिवा नेमका बदलेल अशा जागी प्रीसेट सोडायचा.

इथे तीन गोष्टी अनुभवाने कळतात, त्या आधीच सांगतो. पहिली, उंची. टीसीआरटी५००० हा सेन्सर सर्वांत चांगलं बघतो ते सुमारे अडीच मिलिमीटरवरून. दोन सेंटिमीटर वर बांधला तर त्याला काहीच धड दिसत नाही. दुसरी, ऊन. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतो, त्यामुळे घरात छान चालणारी गाडी खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात शिरली की बावचळते. तिसरी, काळा रंग. आपल्याला काळी दिसणारी प्रत्येक शाई इन्फ्रारेडलाही काळी दिसते असं नाही. काही मार्करच्या रेघा सेन्सरला कागदासारख्याच दिसतात. इन्सुलेशन टेप वापरायची ती म्हणूनच.

सेन्सर उजेड सोडतोय का, हे तपासायची युक्ती सोपी आहे. मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरा. बहुतेक कॅमेऱ्यांत मणी फिकट जांभळा चमकताना दिसतो.

कर: पिनेला न पेलणारी मोटर

'ठरव' हा भाग जरा बाजूला ठेवू आणि आधी चाकांकडे येऊ. कारण नवशिके बोर्ड जाळतात ते इथेच.

हौशी गाड्यांत पिवळ्या रंगाच्या 'बीओ' मोटारी लावतात. बीओ म्हणजे बॅटरी ऑपरेटेड. आतली छोटी मोटर फार वेगाने फिरते, पण तिच्यात जोर नसतो. गिअर तिचा वेग कमी करून जोर वाढवतात. अशा मोटारीला फिरायलाच शंभर-दोनशे मिलिअँपिअर लागतात, आणि चाक अडकलं तर त्याच्या कित्येक पट. चिपच्या एका पिनेतून सुखरूप घेता येतात २० मिलिअँपिअर. म्हणून मोटर थेट पिनेला कधीही जोडायची नाही. पिनेने फक्त हुकूम द्यायचा आणि जोर बॅटरीतून घ्यायचा. या दोघांच्या मधला मुकादम म्हणजे मोटर ड्रायव्हर.

ड्रायव्हरच्या आत चार स्विचांची एक जुळणी असते. इंग्रजी एच अक्षरासारखी दिसते म्हणून तिला एच-ब्रिज म्हणतात. एचच्या आडव्या दांडीवर मोटर, आणि उभ्या दोन दांड्यांवर वर-खाली एकेक स्विच. वरचा डावा आणि खालचा उजवा स्विच लावला की वीज मोटारीतून एका दिशेने जाते आणि चाक पुढे फिरतं. वरचा उजवा आणि खालचा डावा लावला की वीज उलटी जाते आणि चाक मागे फिरतं. एकाच बाजूचे दोन्ही स्विच लागले तर मात्र बॅटरीची दोन टोकं सरळ एकमेकांना भिडतात. ड्रायव्हर चिप ही वेळ येऊ देत नाही.

बाजारात सगळ्यांत जास्त दिसतो लाल रंगाचा, मोठ्या काळ्या हीटसिंकचा एल२९८एन. दणकट आहे, पण जुन्या घडणीचा. तो स्वतःच दोन व्होल्टच्या आसपास दाब खातो आणि त्याची उष्णता करतो. सहा व्होल्टची बॅटरी लावली तर मोटारीच्या वाट्याला येतात चारच. टीबी६६१२ हा नव्या घडणीचा ड्रायव्हर फारच कमी खातो. छोट्या गाडीला तो जास्त शोभतो.

आता वेग. पिनेला तर 'आहे' आणि 'नाही' एवढंच माहीत, मग अर्धा वेग कसा द्यायचा? सायकल आठवा. दोन पेडल मारायची, थोडं सोडायचं, परत मारायची. सायकल थांबत नाही, मधल्या वेगाने जात राहते. चिपही तेच करते. उनोच्या बहुतेक वेगपिना सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद होतात, आणि प्रत्येक वेळी किती काळ चालू राहायचं ते ० ते २५५ मधल्या आकड्याने ठरतं. १२७ म्हणजे अर्धा वेळ चालू. याचं नाव पीडब्ल्यूएम. उनोच्या १४ पिनांपैकी सहांनाच हे जमतं, आणि बोर्डावर त्यांच्या आकड्याशेजारी नागमोडी खूण असते.

वळण्यासाठी या गाडीला स्टिअरिंग नाही. नांगरट करताना तासाच्या टोकाला शेतकरी ट्रॅक्टर कसा वळवतो ते पाहा. डावीकडे वळायचं तर डाव्या चाकाचा ब्रेक दाबतो, उजवं चाक फिरत राहतं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. आपली गाडीही अशीच वळते: एक चाक मंद, दुसरं जलद.

ठरव: चार ओळींची अक्कल

आर्डुइनोच्या प्रोग्रामला स्केच म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. 'सेटअप' एकदाच चालतो: कुठली पिन बघायची, कुठली हुकूम द्यायची, ते सांगतो. 'लूप' मग अखंड चालत राहतो.

दोन सेन्सर रेघेच्या दोन बाजूंना बसवले, तर जगात चारच परिस्थिती उरतात.

दोन्हींना पांढरं दिसतंय: रेघ पोटाखाली मधोमध आहे, सरळ जा.

डाव्याला काळं दिसतंय: गाडी उजवीकडे सरकली आहे, डावं चाक मंद करा.

उजव्याला काळं दिसतंय: उलट झालंय, उजवं चाक मंद करा.

दोन्हींना काळं दिसतंय: आडवी पट्टी आली आहे, थांबा.

गाडीची सगळी अक्कल एवढीच. ती पुरते कशी, याचा हिशेब करू. ६५ मिलिमीटर व्यासाचं चाक एका फेरीत सुमारे २० सेंटिमीटर जातं. मिनिटाला शंभर फेऱ्या धरल्या तर गाडी सेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर पळते. म्हणजे ती एक मिलिमीटर पुढे सरकेपर्यंत चिपच्या घड्याळाचे जवळजवळ ४७ हजार ठोके पडून गेलेले असतात. आपल्याला पळताना दिसणारी गाडी चिपच्या दृष्टीने जवळपास उभीच असते. चूक केसभर असतानाच ती सापडते, म्हणून सुधारणाही केसभर पुरते.

यावरून एक मोठा धडा निघतो. स्केचमध्ये 'डिले' नावाचा हुकूम आहे, चिपला थांबवून ठेवणारा. अर्ध्या सेकंदाचा डिले टाकला तर तेवढा वेळ गाडी आंधळी होते आणि १७ सेंटिमीटर न बघता जाते. रेघ कुठल्या कुठे राहते. धावत्या रोबोच्या प्रोग्राममध्ये डिले जवळजवळ कधीच नसावा. घड्याळ बघून काम करावं, डोळे मिटून थांबू नये.

डुलणं कसं थांबतं

चार ओळींची ही गाडी रेघ सोडत नाही, पण डुलत जाते. कारण तिला फक्त 'चुकलं' एवढंच कळतं, किती चुकलं ते कळत नाही. ते कळायला सेन्सर अ‍ॅनालॉग पिनांना जोडावे लागतात.

काळ्यावर आकडा मोठा येतो असं धरू. डाव्याचा आकडा वजा उजव्याचा आकडा म्हणजे चूक. चूक शून्य असेल तर दोन्ही चाकांना १२० चा वेग. चूक २०० आली आणि तिला ०.२ ने गुणलं तर ४०. मग डाव्या चाकाला ८० आणि उजव्याला १६०. थोडी चूक असेल तर थोडं वळण, मोठी असेल तर मोठं. ०.२ हा आकडा पुस्तकात मिळत नाही. तो आपल्या गाडीवर, आपल्या जमिनीवर, करून बघूनच ठरतो.

यात आणखी एक भर घालतात: चूक किती झपाट्याने बदलते आहे तेही बघायचं. चूक वेगाने कमी होत असेल तर वळण आधीच सैल करायचं, म्हणजे गाडी रेघेपलीकडे जात नाही. ही विद्या चिपांपेक्षा जुनी आहे. निकोलस मिनॉर्स्की या रशियात जन्मलेल्या अभियंत्याने जहाजाच्या सुकाणूवरच्या अनुभवी माणसांचं निरीक्षण केलं. जहाज आत्ता किती भरकटलंय एवढंच ते बघत नसत. भरकटणं कसं साचत आलंय आणि कसं बदलतंय, याचाही अंदाज ते घेत. ते शहाणपण त्याने १९२२ साली गणितात मांडलं, आणि अमेरिकी नौदलाच्या न्यू मेक्सिको या युद्धनौकेवर त्याची चाचणी झाली. आज त्याला पीआयडी म्हणतात. खलाशाचं ते कसब आपल्या वीतभर गाडीत चार-पाच ओळींत उतरतं.

गाडी चालत नाही तेव्हा

बहुतेक गाड्या पहिल्या दिवशी चालत नाहीत, आणि दोष बहुधा प्रोग्राममध्ये नसतो.

पहिला संशयित बॅटरी. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी सोयीची दिसते, पण तिच्यातून मोठा प्रवाह निघत नाही. मोटारी सुरू होताच तिचा दाब कोसळतो, चिप बंद पडते, मोटारी थांबतात, दाब सावरतो, चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. गाडी जागच्या जागी आचके देत असेल आणि बोर्डावरचा दिवा पुन्हा पुन्हा लुकलुकत असेल, तर रोग हाच. १८६५० प्रकारचे दोन लिथियम सेल जोडले तर ७.४ व्होल्ट मिळतात आणि प्रवाहही भरपूर. मात्र ते चुकूनही शॉर्ट होऊ देऊ नका, आणि त्यांच्यासाठीच असलेल्या चार्जरवरच चार्ज करा.

दुसरा संशयित ग्राउंड. बोर्डाला एक बॅटरी आणि मोटारींना दुसरी असेल, तर दोघींची ऋण टोकं एकमेकांना जोडलेली हवीत. व्होल्ट हा दोन ठिकाणांमधला फरक असतो. उंची मोजायची तर दोघांनी एकाच जमिनीवरून मोजली पाहिजे. ग्राउंड वेगळं राहिलं तर चिपचे ५ व्होल्ट ड्रायव्हरला कळतच नाहीत.

तिसरा संशयित सैल तार. मल्टिमीटर घ्या, तो बीपवर लावा आणि प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत तपासा. संशयाच्या जागी अंदाज करू नका, मोजा.

रेघेपलीकडे

ही गाडी जमली की पुढची वाट त्याच तीन शब्दांवरून जाते. फक्त बघणारा आणि करणारा बदलतो. एचसी-एसआर०४ हा सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला लागलेला वेळ सांगतो. त्या मायक्रोसेकंदांना ५८ ने भागलं की अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं आणि गाडी भिंत टाळू लागते. सर्व्हो मोटारीला दर २० मिलिसेकंदांनी एक ठोका द्यायचा. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर ती मधोमध राहते, कमी-जास्त केला तर डावी-उजवीकडे वळते. त्यातून यंत्राचा हात होतो.

वायफाय हवं असेल तर २०१६ साली आलेला ईएसपी३२ घ्यावा. पायथॉनची सवय असेल तर २०२१ साली चार डॉलरला आलेला रास्पबेरी पाय पिको बरा. दोघांच्याही पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टचा सेन्सर थेट जोडला तर चिप जाऊ शकते. कॉलेजातल्या मुलांनी आयआयटी मुंबईच्या 'ई-यंत्र' प्रकल्पाकडे वळावं. त्यांच्या स्पर्धांत रोबो बनवता बनवता शिकायचं असतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. डिप्लोमाचे, डिग्रीचे तयार प्रोजेक्ट आज दुकानात विकत मिळतात, अहवालासकट. ते घेणाऱ्या मुलाला गुण मिळतात, पण आचके देणारी गाडी बघून 'बॅटरी बसतेय' हे ओळखणारी नजर मिळत नाही. ती नजर स्वतःची बंद पडलेली गाडी स्वतः चालू करतानाच येते. पालकांनी आणि शिक्षकांनी मुलांना चालणाऱ्या गाडीइतकीच न चालणाऱ्या गाडीचीही मुभा द्यावी.

सुरुवातीला एक बोर्ड, एक सेन्सर, थोड्या जंपर वायरी आणि टेपचा एक रोल पुरतो. पहिल्या दिवशी चाकं लावूच नका. सेन्सर जोडा, तो कागदावर धरा, मग टेपवर धरा, आणि दिवा कधी लागतो, कधी विझतो ते बघा. 'बघ, ठरव, कर' यातलं पहिलं पाऊल तेवढंच आहे.